थर्ड पार्टीची दरवाढ: विरोध करा, पण पॉलिसी बंद पडू देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला चाळीसएक जणांचा बाइक ग्रुप. प्रश्न विचारणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये १५५ सीसीची गाडी घेतली, तेव्हा पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) एकरकमी भरला होता. तो संपल्यावर रिन्यूअलचा आकडा बघून ते संतापले. ग्रुपमध्ये दोन सूचना आल्या. एक, जिल्हाधिकारी कार्यालयावर बाइक रॅली काढायची. दोन, दर खाली येईपर्यंत कोणीच पॉलिसी रिन्यू करायची नाही. न्यूझीलंडच्या बाइकवाल्यांनी २००९ मध्ये असाच विरोध करून वाढ कमी करून घेतली, हा दाखलाही त्यांनी दिला आहे. शेवटी विचारलंय, "आमचं चुकतंय का?"

मी बावीस वर्षं पुण्यात मोटार अपघाताचे दावे चालवतोय. सुरुवातीची सहा वर्षं विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहिलो, त्यानंतर जखमींच्या आणि मृतांच्या घरच्यांच्या बाजूने. दोन्हीकडच्या फायली हाताळल्यात, त्या अनुभवातून लिहितो. विरोध करण्यात काहीच चूक नाही. पण दुसरी सूचना तुमच्यातल्या एखाद्या घराला कायमची बुडवू शकते. आणि पहिलीचा पत्ता चुकलाय, कारण हे दर पुण्यात ठरतच नाहीत.

आधी बिल उलगडून बघा. तुम्ही ज्याला "इन्शुरन्स वाढला" म्हणताय, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. थर्ड पार्टी, स्वतःच्या गाडीचं नुकसान म्हणजे ओन डॅमेज, मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. कर सोडला तर यातले सरकार ठरवतं ते फक्त थर्ड पार्टीचे दर. पूर्वी ते आयआरडीएआय ही विमा नियामक संस्था ठरवायची, २०२२ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय तिच्याशी सल्लामसलत करून अधिसूचना काढतं.

२०१९ मध्ये १५० ते ३५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांचे ५,४५३ रुपये होते, म्हणजे वर्षाला साधारण १,०९०. १ जून २०२२ पासूनच्या दरात त्याच गटाला वर्षाला १,३६६, जीएसटी धरून १,६१२ रुपये. वाढ आहेच, पण बिल पाहून तुम्हाला वाटली तेवढी ती थर्ड पार्टीत नाही. मध्ये कधी क्लेम घेतला असेल, किंवा ओन डॅमेज संपल्यावर नव्वद दिवसांत रिन्यू केलं नसेल, तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेलेला असतो. पाच वर्षांचा थर्ड पार्टी काढलेले बरेच जण ओन डॅमेज दरवर्षी भरायचं असतं हेच विसरतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालंय ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट ग्रुपमध्ये सांगाच, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्याच मिनिटाला ती तुमच्यापुढे ठेवेल. २०२२ मध्ये सगळ्यांचेच दर वाढले नाहीत. ७५ ते १५० सीसीचा दर ७५२ वरून ७१४ वर आला. पुण्यातल्या बहुतेक अ‍ॅक्टिव्हा आणि स्प्लेंडर याच गटात येतात. वाढ झाली ती वरच्या दोन गटांत आणि अगदी खालच्या ७५ सीसीपर्यंतच्या गटात. ३५० सीसीच्या वरच्यांना २,३२३ चे २,८०४ झाले. त्यामुळे "दुचाकीस्वारांवर अन्याय" अशी सरसकट घोषणा दिलीत तर ती आकड्यांपुढे टिकणार नाही.

आता मुद्द्याचं. थर्ड पार्टी हा तुमचा विमा नाहीच. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी गेलं, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने तो सक्तीचा केलाय. मृत्यू आणि शारीरिक इजेच्या बाबतीत कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकीसाठी एक लाखाची आहे.

"मर्यादा नाही" म्हणजे किती, हे एका उदाहरणाने सांगतो. एकोणतीस वर्षांचा, महिना पंचवीस हजार कमावणारा माणूस रस्ता ओलांडताना बाइकच्या धडकेत गेला असं धरा. घरी बायको, लहान मूल आणि आई. वर्षाचं उत्पन्न तीन लाख. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्या माणसासाठी त्यात पुढच्या प्रगतीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे चार लाख वीस हजार. तिघे अवलंबून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा, उरले दोन लाख ऐंशी हजार. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १७. झाले सत्तेचाळीस लाख साठ हजार. शिवाय अंत्यसंस्काराचा खर्च, घरच्यांनी गमावलेला सहवास वगैरेंच्या ठरीव रकमा, आणि अर्ज दाखल झाल्यापासूनचं व्याज.

७१४ रुपयांनी भागून बघा. या एका मृत्यूच्या भरपाईसाठी सहा हजार सहाशेहून जास्त स्कूटरवाल्यांचा वर्षभराचा थर्ड पार्टी लागतो. आणि हा माणूस काही मोठ्या पगाराचा नव्हता. हिंजवडीत नोकरी करणारा कुणी असेल तर आकडा कोटीच्या पुढे जातो. पगार वाढतात, न्यायालयं भरपाईची सूत्रं उदार करतात (आणि करायलाच हवीत, मी त्याच बाजूने भांडतो), त्यामुळे हप्ता कायम एका जागी राहील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

म्हणूनच न्यूझीलंडचा दाखला जपून द्या. तिथली पद्धत मुळात वेगळी आहे. १९७४ पासून तिथे चूक कुणाचीही असो, जखमीला सरकारी अपघात भरपाई महामंडळाकडून उपचार आणि बुडालेल्या कमाईची भरपाई मिळते, आणि त्याबदल्यात त्याला समोरच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. बाइकवाला तिथे जी वार्षिक आकारणी भरतो, तिच्यातून त्याचा स्वतःचाही उपचार होतो. २००९ मध्ये ६०० सीसीच्या वरच्या गाड्यांची आकारणी सुमारे २५३ डॉलरवरून ७४६ वर न्यायचा प्रस्ताव आला. १७ नोव्हेंबरला हजारो बाइक वेलिंग्टनला संसदेसमोर गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की कित्येक अपघातांत चूक कारवाल्याची असते, मग खर्च आमच्या माथी का?

आपल्याकडे हा युक्तिवाद चालत नाही, कारण इथे कारवाल्याची चूक असेल तर पैसे कारच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. दोघांची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण टक्केवारी ठरवतं. बाइकचा थर्ड पार्टी भरतो तो बाइकमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी. तेव्हा "आमची चूक नसताना आम्ही का भरायचं" हे वाक्य निवेदनात घालू नका.

पण त्या आंदोलनातून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती मला वाढ कमी झाली यापेक्षा मोठी वाटते. शेवटी वाढ प्रस्तावापेक्षा बरीच कमी झाली, आणि सोबत दर बाइकमागे ३० डॉलरची वेगळी सुरक्षा आकारणी सुरू झाली. तो पैसा फक्त बाइकस्वारांच्या सुरक्षेवर खर्च करायचा, आणि कसा करायचा हे सुचवायला बाइकस्वारांचा सहभाग असलेली समिती. त्यांनी पैशाचा हिशोब मागितला आणि तो ठरवण्यात स्वतःची जागा मिळवली. तुम्हाला मागायचं असेल तर हे मागा.

आता "रिन्यूच करायचं नाही" याबद्दल. कलम १९६ खाली पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. पण दंड ही यातली सर्वांत छोटी गोष्ट आहे.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. सिंहगड रस्ता, पहाटेची वेळ, फिरायला निघालेले एक आजोबा, आणि कामावर निघालेला तेवीस वर्षांचा मुलगा. पॉलिसी संपून चाळीस दिवस झाले होते. "पगार झाला की करतो" असं त्याने घरी सांगितलं होतं. आजोबा अठरा दिवस आयसीयूत होते, मग गेले. निकाल गाडीच्या मालकाविरुद्ध लागला, आणि आरसी वडिलांच्या नावावर होती. वडील निवृत्त, हातात पीएफचे पैसे. मी आजोबांच्या घरच्यांचा वकील होतो. वसुलीसाठी कलम १७४ चा अर्ज मीच दिला. त्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. शेवटी गावाकडची जमीन विकून त्यांनी रक्कम भरली. ती रक्कम स्वीकारताना आजोबांच्या मुलीलाही रडू आवरेना. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही घरं बसली होती आणि दोन्ही उद्ध्वस्त झालेली होती. त्या मुलाचा त्या वर्षीचा थर्ड पार्टी हजार रुपयांच्या आतला होता.

तुमच्या चाळीस जणांनी तीन महिने पॉलिसी बंद ठेवली तर मंत्रालयाला ते कळणारसुद्धा नाही. देशातली निम्म्याहून अधिक वाहनं आजच विम्याशिवाय फिरतात आणि त्यात सर्वाधिक दुचाकी आहेत. तुमचा बहिष्कार त्या गर्दीत मिसळून जाईल.

इथे एक गैरसमजही दूर करतो. "विनाविमा गाड्यांमुळे आमचा हप्ता वाढतो" असं सर्रास म्हटलं जातं. सरळ हिशोबाने ते खरं नाही, कारण विमा नसलेल्या गाडीची भरपाई कंपनी देतच नाही, नुकसान होतं ते जखमी माणसाचंच. पण आडवाटेने ते खरं आहे. अपघात केलेली गाडी विम्याची नसली की ती कागदावरून गायब होते आणि ओळखीतल्या कुणाची तरी विमा असलेली गाडी एफआयआरमध्ये येते. घटनेनंतर तीन-तीन आठवड्यांनी नोंदवलेल्या फिर्यादी, धडकेच्या उंचीला ओरखडाही नसलेल्या गाड्यांचे पंचनामे, असल्या फायली मी कंपनीच्या बाजूने असताना पाहिल्यात. तो बोजा मात्र विमा भरणाऱ्या प्रत्येकावर पडतो. विनाविमा गाड्यांवर कडक कारवाई करा, ही मागणी म्हणूनच बाइकवाल्यांनी स्वतःहून करायला हवी.

मग विरोध कशाला करायचा? मी तुमच्या जागी असतो तर सगळा जोर सीसीच्या गटांवर दिला असता. १४९ सीसीच्या गाडीला ७१४ आणि तुमच्या १५५ सीसीला १,३६६. सहा सीसीच्या फरकाला जवळजवळ दुप्पट हप्ता. तीच गोष्ट ३५० च्या रेषेवर. ३४९ सीसीची बुलेट १,३६६ मध्ये येते आणि ४११ सीसीची हिमालयन २,८०४ मध्ये. गाडी किती चालते याचा यात विचारच नाही. स्विगी-झोमॅटोचा मुलगा ११० सीसीवर दिवसभर शहर पालथं घालतो, आणि तुमच्यातला एखादा हिमालयनवर रविवारी ताम्हिणीला जाऊन येतो आणि बाकी आठवडा गाडी पार्किंगमध्ये उभी ठेवतो. रविवारवाला जवळजवळ चौपट भरतो. डिलिव्हरीच्या मुलावर बोजा टाका असं मी म्हणत नाही, त्याला तो पेलणारही नाही. पण पायऱ्या इतक्या उंच का, आणि त्या कोणत्या क्लेमच्या आकड्यांवर ठरवल्या, हे विचारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

दुसरी मागणी जीएसटीची. जो विमा घेणं कायद्याने सक्तीचं केलंय आणि जो दुसऱ्याच्या भरपाईसाठी आहे, त्यावर १८ टक्के कर. तिसरी न्यूझीलंडसारखी: या करातला ठरावीक हिस्सा रस्ते दुरुस्त करायला द्या. नवले पुलाचा उतार, कात्रज-कोंढवा रस्ता, ही नावं मी पुण्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तिथे रस्त्यात बदल झाले की क्लेम कमी होतील, हे विमा कंपन्यांनाही हवंच आहे.

पत्ता दिल्लीचा. नवे दर आणण्याआधी मंत्रालय मसुदा अधिसूचना प्रसिद्ध करून हरकती मागवतं, २०२२ मध्येही मार्चमध्ये मसुदा आला आणि जूनपासून दर लागू झाले. मुदत थोडी असते, म्हणून निवेदन आधीच तयार ठेवा. रॅली काढायचीच असेल तर काढा, लोकांचं लक्ष वेधायला ती उपयोगी आहे, पण चाळीसच्या चाळीस डोक्यांवर हेल्मेट हवं. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीच्या विरोधात या शहरात जे आंदोलन झालं ते लोकांच्या लक्षात आहे. अपघाताच्या विम्याबद्दल बोलणारा माणूस उघड्या डोक्याने आला तर त्याचं कोणी ऐकणार नाही, आणि माझ्या मते ऐकूही नये.

हे सगळं झालं थर्ड पार्टीचं. पण तुमचा प्रश्न वाचताना मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, जी तुम्ही विचारलेलीच नाही. तुमच्यातला कुणी घाटात वाळूवर घसरला, समोर दुसरी गाडीच नाही, तर त्याच्या घरच्यांना काय मिळेल? नुसता थर्ड पार्टी असेल तर काहीही नाही. एक रुपयाही नाही.

यासाठी असतं मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर. २०१८ पर्यंत ते दुचाकीला पन्नास रुपयांत एक लाखाचं होतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते ७५० रुपयांत पंधरा लाखांचं झालं, आणि तेव्हाही "वाढवलं, वाढवलं" अशी ओरड झाली होती. जानेवारी २०१९ पासून तुमच्याकडे आधीच पंधरा लाखांचं अपघात कव्हर असेल तर ते पुन्हा घ्यावं लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण तिनेच घात केलाय.

दोन वर्षांपूर्वी एक बाई प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नवऱ्याची कागदपत्रं घेऊन आल्या. पावसात गाडी घसरून तो गेला होता. पॉलिसीची प्रिंट दोन पानांची, मधोमध घडी पडलेली. मी हप्त्याचा तक्ता बघितला. बेसिक थर्ड पार्टी ७१४. त्याखाली "पीए कव्हर, ओनर-ड्रायव्हर", म्हणजे हेच मालक-चालकाचं अपघात कव्हर, आणि पुढे शून्य. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की विमाधारकाने आपल्याकडे पंधरा लाखांचं अपघात कव्हर असल्याचं जाहीर केलं आहे. त्याच्याकडे तसं काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला पीयूसी काढून देणाऱ्या माणसाकडून त्याने पॉलिसी घेतली होती, आणि बिल कमी दिसावं म्हणून त्या माणसाने स्वतःच ती खूण केली होती. मी त्या बाईंना पॉलिसीवर काहीच मिळवून देऊ शकलो नाही.

यातले दोन बारकावे नीट लक्षात घ्या. हे कव्हर गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स लागतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं पुण्यात घरोघरी आहे. त्या मुलाला हे कव्हर नाही, मित्राची गाडी मागून नेणाऱ्यालाही नाही. त्यांनी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढायला हवी. बँकेतून वर्षाला वीस रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्या, पण ती दोन लाखांची आहे, तिच्या भरवशावर पंधरा लाखांच्या रकान्यात खूण करू नका.

दुसरं, डबलसीट बसणाऱ्याचं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस धरला जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच तसं सांगितलंय. फुल इन्शुरन्स म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर तो धरला जातो, आयआरडीएने (आयआरडीएआयचं तेव्हाचं नाव) २००९ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं होतं. बायकोला किंवा मुलीला मागे बसवत असाल तर बारा वर्षं जुन्या गाडीला "आता कशाला फुल" असं म्हणण्याआधी हे आठवा. गाडीची किंमत नगण्य असेल आणि तुम्ही एकटेच चालवत असाल, तर थर्ड पार्टी आणि वेगळी अपघात पॉलिसी एवढं पुरतं.

तेव्हा रॅलीची तारीख ठरवण्याआधी येत्या रविवारी चहाला जमाल तिथे चाळीस जणांच्या पॉलिसी मोबाइलवर उघडा. तीनच गोष्टी बघा: संपायची तारीख, पीएच्या रकान्यातला आकडा, आणि आरसीवरचं नाव चालवणाऱ्याचंच आहे का. किती जणांच्या रकान्यात शून्य निघालं ते मला इथेच कळवा. सीसीच्या गटांवरची हरकत लिहायला घेतलीत तर तिचा मसुदा मी फी न घेता तपासून देईन.